चकव्यावरचा उतारा

आमच्या शेजाऱ्यांना मी मनातल्या मनात पाटील म्हणतो. नाव त्यांचं अस्सल अमेरिकन आहे. पण भरघोस मिशा, दारात उभा राहिलेला ट्रक, बैठकीच्या भिंतीवर शिंगांचं मुंडकं आणि रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही हात वर करून थांबवण्याची सवय, एवढा ऐवज असलेल्या माणसाला दुसरं काय म्हणणार? डेन्व्हर शहर पश्चिमेला जिथं संपतं आणि डोंगर चढू लागतो, तिथं आम्ही अठरा वर्षं कुंपणाला कुंपण लावून राहतोय. एवढ्या काळात त्यांनी दर हिवाळ्यात माझ्या दारातलं बर्फ उपसलं आणि मी त्यांचं वायफाय दुरुस्त केलं. मी विमा कंपनीत हिशेब तपासतो. वायफायचं मला कळतं ते एवढंच, की बंद करून पुन्हा चालू करायचं. पण मी भारतातला असल्यामुळे पाटलांच्या लेखी संगणक, फोन, टीव्हीचा रिमोट आणि एकदा तर त्यांच्या सासूबाईंचं श्रवणयंत्र, ही सगळी माझी खाती.

२०२४ च्या ऑगस्टात एका संध्याकाळी ते आले आणि खिशातून मुठीएवढं पिवळं यंत्र काढून त्यांनी कुंपणाच्या फळीवर ठेवलं.

"गेलं," म्हणाले. घरातलं म्हातारं कुत्रं गेल्यावर माणूस म्हणतो, तसं.

ते हातात धरायचं जीपीएस होतं. चोवीस वर्षं त्यांनी ते शिकारीला नेलं होतं. पावसात भिजलं, घोड्यावरून पडलं, एकदा कढईतल्या बेकनच्या तुपात बुडालं, तरी चाललं. आता मात्र नवीन घ्यायला हवं होतं. "तू चल दुकानात. तुला यातलं कळतं."

मला यातलं काय कळत होतं? मी मटण खातो, पण खाटकाच्या ओट्यापलीकडे त्याची चौकशी केलेली नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आमच्या पिढीनं शिकार पाहिली ती जुन्या वाड्यांतल्या भिंतींवर. जंगलात हरवण्याचं म्हणाल, तर त्याचं ज्ञान मात्र आमच्या घराण्यात आहे, आणि ते अनुभवाचं आहे.

आमचं गाव तोरण्याच्या पायथ्याचं. आजोबा तरुणपणी रानडुकराच्या पारधीला हाकारे म्हणून जात, डबे बडवत रान उठवत. सबंध खोरं त्यांना तळहातासारखं पाठ. आणि अशा माणसाला एका रात्री वेल्ह्याच्या बाजारातून परत येताना, घर हाकेवर असताना, चकवा लागला. रात्रभर माळावर चालत होते. एकाच बाभळीपाशी तीनदा आले. तिसऱ्यांदा बाभळ दिसली तेव्हा उमजलं. मग रीतीप्रमाणे जागच्या जागी खाली बसले, चंची सोडली, तंबाखू मळली आणि तांबडं फुटेपर्यंत उठले नाहीत. उजाडलं तेव्हा समोर आमचाच गोठा होता आणि आजी शेण काढत होती. आजी त्यांना काय म्हणाली, हे आजोबांनी शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

ही गोष्ट मी थट्टेनं सांगायचो. पुढे कळलं, की २००९ साली जर्मनीतल्या ट्यूबिंगनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी हाच प्रयोग केला. काही माणसांना जर्मनीतल्या एका सपाट जंगलात आणि काहींना ट्युनिशियाच्या वाळवंटात नेलं, अंगावर जीपीएस अडकवलं आणि सांगितलं, सरळ चालत राहा. सूर्य दिसत होता तोवर मंडळी बरी सरळ चालली. आभाळ भरून आल्यावर जंगलातली माणसं गोल फिरू लागली. स्वतःचीच मागची वाट ओलांडून गेली, तरी एकालाही पत्ता नाही. शोधनिबंध नामांकित नियतकालिकात छापून आला. आजोबांचं काम त्याच्या आधीचं आहे, पण ते त्यांनी कुठं पाठवलं नाही.

आणि गंमत अशी, की जीपीएसमध्येही सुरुवातीला चकवा होता. तो खुद्द सरकारनं घातलेला. यंत्रणा लष्कराची. शत्रूला तिचा उपयोग होऊ नये म्हणून सामान्य माणसाला मिळणाऱ्या संदेशात मुद्दाम खोट घातलेली असे, त्यामुळे जागा शंभरेक मीटर इकडे-तिकडे दिसायची. शंभर मीटर म्हणजे तंबूच्या ऐवजी दरी. १ मे २००० रोजी अध्यक्ष क्लिंटन यांनी जाहीर केलं, की आज मध्यरात्रीपासून ही खोट बंद. महाराष्ट्र दिनाचा मुहूर्त त्यांनी साधला, हे त्यांच्या ध्यानातही नसेल. पाटलांनी पिवळं यंत्र घेतलं ते त्याच वर्षी. म्हणजे चकवा उतरल्या-उतरल्या.

तर आम्ही दुकानात गेलो. छताला डोंग्या टांगलेल्या, एका बाजूला तंबू उभारलेले, आणि मधोमध काचेच्या कपाटात ही यंत्रं, सराफाकडे पाटल्या मांडतात तशी ओळीनं. गल्ल्यावर केसांचा बुचडा बांधलेला विशीतला पोरगा. त्यानं पहिलाच प्रश्न चुकीचा विचारला.

"सर, फोन नाही का तुमच्याकडे?"

पोराचं म्हणणं खोटं नव्हतं. फोनला रेंज नसली तरी त्यातलं जीपीएस चालतं, कारण ते फक्त ऐकतं, बोलत नाही. नकाशा घरूनच उतरवून घेतला की झालं. पण पाटील त्याच्याकडे असे पाहू लागले, जसा एखादा कीर्तनकार मृदंगाऐवजी मोबाइलवर ठेका लावू का म्हणणाऱ्याकडे पाहील. "ऑक्टोबरात दहा हजार फुटांवर पहाटे चार वाजता," ते सावकाश म्हणाले, "फोन मरतो. आणि मी त्याच्याबरोबर मरणार नाही."

थंडीत सेल मरतात हे खरंच आहे. तेव्हा पाटलांची पहिली अट सेलची. जे सेल रानाजवळच्या शेवटच्या पेट्रोल पंपावर मिळत नाहीत, ते चालणार नाहीत. टॉर्चमध्ये घालतो ते पेन्सिल सेल हवेत, आणि त्यातही लिथियमचे, कारण साधे अल्कलाइन गारठ्यात माना टाकतात. दुसरी अट बटणांची. बोटानं सरकवायचा पडदा पोरानं पुढे केला तसा पाटलांनी खिशातून हातमोजे काढले. ऑगस्टात. बाहेर माणसं अर्ध्या चड्डीत आइस्क्रीम खात फिरताहेत आणि आत हा गृहस्थ लोकरीचे मोजे चढवून काचेवर बोटं आपटतोय. पडदा कधी हलला, कधी नाही. "बघ," पाटील मला म्हणाले. मी हिशेब तपासनीसाच्या गांभीर्यानं मान हलवली.

मग स्वस्तातलं एक निघालं. दोनशे डॉलरच्या आसपास, दोन पेन्सिल सेल, पंचवीस तास चालेल म्हणाला. बटणं भरपूर. सगळं मनासारखं. पण पोरगा प्रामाणिक होता. म्हणाला, यात होकायंत्र नाही. तुम्ही चालत असलात तर तुम्ही कुठं तोंड करून चाललाय हे ते सांगेल. उभे राहिलात, की त्याला कळत नाही. उभ्यानं दिशा हवी तर याच्या वरचं घ्या.

मला ते यंत्र फार आवडलं. चाललं तर दिशा कळते, थांबलं तर नाही, असं म्हणणारं यंत्र! आमच्या शाळेच्या भिंतीवर असली वाक्यं रंगवून ठेवलेली असत. मी पाटलांना तसं म्हणालो.

"नर पन्नास पावलांवर उभा असताना," पाटील म्हणाले, "दिशा कळावी म्हणून मी काय येरझाऱ्या घालू?"

हा नर म्हणजे एल्कचा. आपल्या सांबराचा थोरला भाऊ समजा; पूर्ण वाढलेला तीनशे किलोच्या घरात जातो. कोलोरॅडोत तो मारायचा तर परवाना काढावा लागतो. अमुक गटात, अमुक दिवसांत, सूर्योदयाच्या आधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत. परवान्याचे पैसे राज्याच्या वन्यजीव खात्याला जातात. आणि या वेळा सांगायची सोयही यंत्रात होती. पोरानं एक पान उघडून दाखवलं. सूर्योदय, सूर्यास्त, चंद्राची कला, आणि त्याखाली, आज शिकारीला आणि मासेमारीला कोणता काळ उत्तम, कोणता बरा. मी चष्मा वर करून दोनदा वाचलं. चौघडिया! राहुकाळ तेवढा घालायचा राहिला होता. माणूस उपग्रह सोडतो, त्यात अणुघड्याळं बसवतो, ती घड्याळं वर गेल्यावर आइन्स्टाइननं सांगितल्याप्रमाणे रोज ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतात म्हणून त्यांना आधीच मागे ओढून ठेवतो, तसं न केलं तर एका दिवसात दहा किलोमीटरची चूक साठेल म्हणतो, आणि एवढं सगळं २०,२०० किलोमीटर उंचीवरून करून शेवटी हातात काय पडतं, तर आजचा दिवस कसा जाईल. यंत्राच्या कंपनीचं नावसुद्धा घरगुती आहे. गॅरी बरेल आणि मिन काव अशा दोघांनी काढली म्हणून गार्मिन. सुनील आणि नीताच्या बंगल्यावर 'सुनीता' लिहितात, त्यातलाच प्रकार.

इथवर मला वाटत होतं, की पाटलांना हरवण्याची भीती आहे. तसं काही नव्हतं. त्यांची खरी भीती पोरानं नकाशे दाखवायला घेतले तेव्हा बाहेर आली.

"रेषा दिसतील ना?" पाटलांनी विचारलं.

कसल्या रेषा? तर मालकीच्या. नकाशात डोंगर, ओढे, झाडी आहेच. त्यावर रंगीत चौकोन. हे जंगल खात्याचं, हे सरकारी पडीक, हे खाजगी. कोलोरॅडोत खाजगी जमिनीच्या मालकानं पाटी लावलीच पाहिजे असं नाही. कुंपण नसलं, पाटी नसली, तरी आत परवानगीवाचून शिकार करणं गुन्हा, आणि माहीत करून घेण्याची जबाबदारी शिकाऱ्याची. म्हणजे मुंग्यांसारख्या बारीक अक्षरांचा, अदृश्य सातबारा सगळ्या रानावर पसरलेला आणि तो खिशात असल्याशिवाय पाऊल टाकायची सोय नाही.

त्या क्षणी मला पाटलांबद्दल जो जिव्हाळा वाटला, तो अठरा वर्षांत वाटला नव्हता. बांध! हा माणूस तोरण्याखालचा निघाला. आमच्या गावात माणसं दुष्काळाला भ्यायली नाहीत, बिबट्याला भ्यायली नाहीत. भ्यायली ती बांध कोरणाऱ्या भावकीला. दर नांगरटीला टीचभर आत. मोजणी मागवायची, हद्दीचे दगड शोधायचे, ते रात्रीतून सरकलेले असायचे. हल्ली मोजणीवाले साखळीऐवजी रोव्हर घेऊन येतात, त्याला उपग्रहावरून जागा कळते; भांडण मात्र आहे तिथंच आहे, फक्त सेंटिमीटरवर आलंय.

परतताना ट्रकमध्ये पाटलांनी मला वायोमिंगची गोष्ट सांगितली. शेजारचंच राज्य. १८६० च्या दशकात सरकारनं रेल्वे कंपन्यांना रूळ टाकण्याच्या बदल्यात जमिनी दिल्या, त्या बुद्धिबळाच्या पटासारख्या. एक मैल लांब, एक मैल रुंद असा एक चौकोन रेल्वेला, पुढचा सरकारकडे, मग पुन्हा रेल्वेला. रेल्वेचे चौकोन पुढे मोठमोठ्या रँचवाल्यांकडे गेले. आता सरकारी चौकोनात कुणीही जाऊ शकतो. पण जायचं कुठून? काळ्या घरातून दुसऱ्या काळ्या घरात जायला उंटासारखं तिरकं जावं लागतं. दोन सरकारी चौकोन एकमेकांना भेटतात ते फक्त कोपऱ्याच्या एका बिंदूत. त्या बिंदूवरून पाय टाकताना तुमचा खांदा क्षणभर दुसऱ्याच्या हवेत असतो.

एल्क माउंटन नावाच्या डोंगरावर मिझुरीहून आलेल्या चार शिकाऱ्यांनी २०२१ मध्ये अशा कोपऱ्यावर चक्क शिडी उभी केली. लोखंडी, घडीची. या बाजूनं चढले, त्या बाजूनं उतरले. खाजगी मातीला बूट लागू दिला नाही. कोपरा शोधला फोनमधल्या नकाशावर. मालकानं फौजदारी करवली, ज्यूरीनं चौघांना सोडलं. मग दिवाणी दावा, नुकसानभरपाई सत्तर लाख डॉलरच्या वर; म्हणे असे लोक येऊ लागले तर रँचची किंमत उतरेल. त्यांच्यातल्या एकानं नकाशावर ठेवलेली एक खूणसुद्धा कोर्टात चर्चेला आली. आम्ही दुकानातून येत होतो तेव्हा दावा अपिलात होता. मार्च २०२५ मध्ये अपील न्यायालयानं १८८५ सालच्या, कुंपणांबद्दलच्या एका जुन्या कायद्याचा आधार घेऊन शिकाऱ्यांच्या बाजूनं निकाल दिला आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानं त्यात हात घालायला नकार दिला. हे वाचून आमच्या गावातले निदान सहा जण वायोमिंगला वकिली करायला जाऊ शकतील.

पण मला राहून राहून वाटलं ते वेगळंच. बांध निदान हातभर रुंद असतो, त्यावर तूर लावता येते. या कोपऱ्याला रुंदीच नाही. आणि हातातलं चांगलं यंत्रही सांगतं, की तुम्ही इथं आहात, तीन मीटर इकडे किंवा तिकडे. तीन मीटरमध्ये आमच्याकडे तीन पिढ्या कोर्टात गेल्या आहेत.

यंत्र शेवटी निवडलं ते पाटलांनीही नाही आणि मी तर नाहीच. ते निवडलं पाटलीणबाईंनी. पाटील परत येऊन सेल, बटणं, रेषा यांचं वर्णन करत होते. बाईंनी कांदा चिरता चिरता सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तू कुठं आहेस ते तुला कळून मला काय उपयोग? मला कळायला हवं."

यावर उत्तर नव्हतं. म्हणून उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र आलं, सहाशे डॉलरचं. यातले निरोप वेगळ्याच उपग्रहांवरून जातात, इरिडियमच्या. ते पुष्कळ खालून फिरतात. त्यांचा दरमहा रतीब वेगळा. संकटाचं बटण दाबलं तर मदत निघते. सेल मात्र आतच बसवलेले, पेट्रोल पंपावर न मिळणारे! पाटलांची पहिली अट अशी संसारात वाहून गेली. आठवडाभर ते हिरमुसलेले होते. मग त्यांनी गुपचूप एक पॉवर बँक घेतली आणि वर जुन्या सवयीनं आठ लिथियमचे पेन्सिल सेल. कशात घालणार होते, देव जाणे.

दरवर्षी त्यांच्याबरोबर जाणाऱ्या मेव्हण्यांचा त्या सप्टेंबरात गुडघा गेला आणि पाटलांची नजर कुंपणावरून माझ्याकडे वळली. शिकार मिळाली तर मांस रानात टाकून यायचं नाही, असा कायदाच आहे. एवढं धूड पाठीवरून, चार-पाच खेपांत आणायला माणूस हवा. मी हो म्हणालो. बायको म्हणाली, "अहो, तुमच्यानं गाडीतून कलिंगड घरात आणवत नाही." पण बेसनाचे लाडू तिनंच बांधून दिले.

मीकर गावाच्या पूर्वेला फ्लॅट टॉप्स नावाचे डोंगर आहेत. माथे तासल्यासारखे सपाट; आपल्या सड्यांची आठवण यावी असे. तंबू लावला ती जागा कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली तर जेमतेम खाली पडेल एवढ्या उंचीवर. पाटलांनी मला नारिंगी टोपी आणि नारिंगी जाकीट घातलं. बंदुकीच्या हंगामात शिकाऱ्याच्या अंगावर निदान पाचशे चौरस इंच असा झगझगीत रंग लागतो, म्हणजे दुसरा शिकारी एल्क समजून गोळी घालत नाही. माझ्यावर हजारभर इंच तरी होता. लांबून मी दिंडीतून चुकलेला दिसत असणार.

मला काम मिळालं खुणा नोंदवण्याचं. यंत्रावर जागा जतन करायची आणि तिला नाव द्यायचं. पाटलांच्या जुन्या यंत्रात नावं नव्हतीच, नुसते आकडे. ०४७ म्हणजे काय हे फक्त त्यांना आणि बहुधा त्या एल्कना ठाऊक. मी म्हटलं, वाटाड्या असा मुका नको. मग बटणं दाबदाबून, एकेक रोमन अक्षर शोधत, मी नावं घातली. ओढ्याला पाणवठा. गुरांच्या वाटेसारखी वाट होती तिला ढोरवाट. आणि खिंडीच्या तोंडाशी एकच भला मोठा धोंडा होता, त्याच्या एका अंगाला नारिंगी दगडफूल असं काही धरलेलं, की थेट शेंदूर. त्याचं नाव पडलंच होतं, मी फक्त लिहून घेतलं. म्हसोबा.

तिथं बसून आम्ही डबा सोडला. मी अर्धा लाडू धोंड्याच्या पायाशी ठेवला. पाटील ओरडलेच. "अस्वलं आहेत! इथं खायचं काही सोडायचं नाही!" मी त्यांना समजावलं, की हे फक्त दाखवायचं असतं. दाखवून झालं, की आपणच खायचं. त्यांनी क्षणभर विचार केला. "म्हणजे देवाला काही मिळत नाही?" "मान मिळतो." खरं तर म्हसोबाला लागतं कोंबडं, बेसनाच्या लाडवानं त्याचं काय भागणार, पण परदेशात आल्यावर देवानंही थोडं जुळवून घ्यायला हवं. लाडू उचलला, निम्मा पाटलांना दिला. त्यांना आवडला.

तिसऱ्या दिवशी, ऊन कलताना, तो दिसला. झाडीतून बाहेर आला आणि उतारावर उभा राहिला. मी आयुष्यात एवढं मोठं, एवढं निवांत जनावर मोकळ्यावर पाहिलं नव्हतं. पाटलांनी बंदूक खांद्याला लावली, मग डाव्या हातानं यंत्र माझ्याकडे सरकवलं. मी पाहिलं. आमचा बाण होता. पुढे रेष होती. आणि समोरच्या उताराचा सगळा भाग रेषेपलीकडे, कुण्या रँचवाल्याच्या रंगात. तो नर बांधाच्या पन्नासेक पावलं पलीकडे उभा राहून गवत खात होता. मधे कुंपण नाही, पाटी नाही, चिटपाखरू नाही.

मी पडदा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी पाहिलं, काही बोलले नाहीत. आम्ही वाट पाहत बसलो. त्याला फक्त थोडं अलीकडे यायचं होतं. तो एकदा दहा पावलं आलाही. माझ्या छातीत असं काही धडधडलं, की मला त्याची बाजू घ्यायचीय की पाटलांची, हेच कळेना. मग तो वळला आणि पुन्हा आत गेला. यंत्रानं सूर्यास्त दाखवला. त्यावर अर्धा तास. तोही गेला. पाटलांनी बंदुकीतली गोळी काढून खिशात टाकली. चोवीस वर्षांपूर्वी हे रेषांचं यंत्र नव्हतं तेव्हा... असं मी विचारणार होतो, विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं. "पूर्वी मला माहीत नसायचं," म्हणाले. त्यातली हळहळ कशाची होती, मला अजून नक्की सांगता येत नाही.

परत फिरलो आणि बर्फ भुरभुरू लागलं. तंबू अर्ध्या तासावर. पाटलांना वाट पाठ, म्हणून यंत्र खिशात. बराच वेळ चाललो. मला खात्री होती, तंबू डावीकडे. पाटलांनाही खात्री होती, डावीकडे. शेवटी त्यांनी यंत्र काढलं, तर ते उजवीकडे म्हणत होतं. दोन सुशिक्षित प्रौढ माणसं अंधारात उभी राहून चांगली पाच मिनिटं यंत्राशी वाद घालत होती. एकदा तर ते बंद करून पुन्हा चालू करावं, असंही मी सुचवलं. तो माझ्या विद्येचा शेवट होता. अखेर मुकाट्यानं उजवीकडे गेलो. तंबू तिथंच होता.

सकाळी कॉफी घेताना पाटलांनी रात्रीचा माग पडद्यावर उघडला. यंत्र खिशात असलं तरी जागं होतं, त्यानं पाऊल न् पाऊल नोंदवलं होतं. उतारावरून निघालेली रेघ म्हसोबापाशी आली, त्याला वळसा घालून गोल फिरली, पुन्हा म्हसोबापाशी आली, आणि आणखी एक वळसा घेऊन मगच सुटली. दोन गोल, जिलबीसारखे. त्या धोंड्याजवळून आम्ही दोनदा गेलो होतो, हात लावता आला असता एवढ्या जवळून.

"हे काय आहे?" पाटील चक्रावून म्हणाले.

"चकवा," मी म्हटलं. आणि त्यांना आजोबांची सगळी गोष्ट सांगितली, बाभळीसकट. त्यांनी ती अजिबात न हसता ऐकली. मग विचारलं, "तुझी आजी काय म्हणाली असेल?" बाईंना रात्री निरोप पाठवायचं ते विसरले होते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

डिसेंबरात मी गावी निघालो तेव्हा पाटील ते यंत्र घेऊन आले. ने म्हणाले, तुझ्या आजोबांच्या माळावर. माझी तयारी झालीही होती. पण पुण्याहून पुतण्याचा फोन आला: काका, डोकं फिरलंय का? उपग्रहावरून बोलणारं यंत्र भारतात परवानगीशिवाय आणता येत नाही. त्याच महिन्यात गोव्याच्या विमानतळांवर दोघा परदेशी पाहुण्यांना अशाच यंत्रापायी अडकवून ठेवलं होतं, १९३३ सालच्या बिनतारी कायद्याखाली. डोंगर चढायला आलेला माणूस ठाण्यात बसायचा. तेव्हा यंत्र पाटलांकडेच राहिलं आणि तोरण्यावर मी गेलो ते गावातल्या एका मामांच्या मागून. अजून किती, विचारलं की मामा म्हणत, "हे काय, आलंच." अडीच तासांत त्यांनी हे चौदा वेळा सांगितलं. अचूकतेचं म्हणाल तर शंभर मीटरपेक्षा पुष्कळ जास्त खोट होती, पण पाय चालत राहिले. आजोबांची बाभळ शोधली. माळावर आता प्लॉट पडलेत, चारी बाजूंनी तारेचं कुंपण.

गेल्या ऑक्टोबरात मेव्हण्यांचा गुडघा बरा झाला होता, त्यामुळे मला बोलावणं नव्हतं. मी इकडे तिमाहीचे हिशेब तपासत बसलो होतो. दुपारी फोन वाजला. उपग्रहावरून आलेला निरोप, मोजक्या शब्दांचा, खाली अक्षांश-रेखांश:

"मासोबापाशी बसलोय. लाडू नाही. ग्रॅनोला बार दाखवला. मीच खाल्ला. आता उजवीकडूनच जायचं ना?"